मागच्या दाराची काच

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं मी विचारलं आणि तू 'बरं चाललंय' म्हणालीस असं धरून पुढे जातो, कारण घाई आहे. फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी 'पंक्चर' म्हणालो आणि तू पलीकडून 'डॉक्टर कशाला, कोण आजारी?' म्हणून पाच मिनिटं रडवेली झालीस. तुझे कान तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या हॉर्नांनी खाल्ले, त्याला तू तरी काय करणार. म्हणून पत्र.

मी गाडी घेतोय. सेकंडहँड. तुझीच. म्हणजे जिच्यावर तू अख्ख्या गावाला क्लच सोडायला शिकवलंस, त्याच नावाची सेडान, चौथ्या पिढीतली. रंग पावसाळी ढगासारखा. इंजिन उत्तम आहे.

कारण ऐक. मी ज्या कंपनीची माणसं व्हॅनमधून ने-आण करतो, त्यांना एप्रिलपासून वरच्या साहेबांसाठी एक सेडान हवी आहे. गाडी ज्याची, काम त्याचं. व्हॅनचा मालकही टपलेला आहे. पण मी आधी गाडी दाखवली तर काम मला मिळेल. कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, बाबा अजून माझ्याशी वर्तमानपत्राच्या आडून बोलतात. एकदा स्वतःची गाडी दारात उभी राहिली की पेपर खाली येईल.

गाडी एका टेलरकाकांची आहे. एकाच हातातली, दुसऱ्या कुणी चालवलेली नाही, असं ते म्हणतात. सीटची कव्हरं त्यांनी स्वतः शिवलीत, अशी की सोफ्यालाही लाज वाटावी. काकांचा उजवा गुडघा धरलाय, ब्रेक दाबताना कळ येते. काकू दीड वर्षापूर्वी गेल्या. मुलगी एकच आणि ती गाडी चालवत नाही, म्हणून विकायची. ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानात पांढरा कोट घालते आणि लोकांना 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं?' असं विचारते, ते इतक्या मन लावून की माणसानं उगाचच 'मघाशी' म्हणावं म्हणजे ती परत विचारेल. केस बांधताना पिन दातांत धरते, वडिलांसारखीच. तिला राग आला की ती आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. हे तुला उगाच सांगितलं, गाडीशी संबंध नाही.

काय काय तपासू ते कळव. मी मूर्ख ठरता कामा नये.

तुझा,
तडतड्या

---

११ फेब्रुवारी

चि. तडतड्या,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात इंजिनाबद्दल दोन शब्द आहेत आणि चष्म्याच्या दुकानाबद्दल सात ओळी. मी मोजल्या. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

तू त्या टेलरकडे किती दिवस जातोयस ते लिहिलं नाहीस, पण दादाचं परवाच पत्र आलं की पोराच्या सगळ्या पँटी एकाएकी घोट्याच्या वर गेल्यात, कापड आटलं की पोरगा वाढला? मी उत्तर दिलं नाही.

आता गाडी. मी तिच्या चारही पिढ्या वापरल्या. पहिली चौकोनी, फळीला चाकं लावल्यासारखी. दुसरी साबणाची वडी. तिसरीला कंपनीनं मोठाले दिवे दिले, कायम दचकल्यासारखी दिसायची. चौथी शहाणी निघाली. नाव तेवढं तेच ठेवलं, बाकी दर वेळी चुकांमधून शिकत गेले. म्हणून सांगते, कुठल्याही पिढीतली पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये. पहिल्या वर्षी कंपनी गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकत असते. शेवटच्या वर्षाची घ्यावी, तोवर हात बसलेला असतो.

सकाळी जा, इंजिन थंड असताना. बॉनेटला हात लाव. कोमट लागलं तर तुझ्या आधी कुणीतरी गाडी तापवून तिची खोकला-सर्दी लपवलीय. क्लचच्या पायपट्टीचं रबर बघ. मीटरवर आकडा थोडा आणि रबर गुळगुळीत असेल तर दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. चारही टायर एकसारखे झिजलेत का बघ. डिकीतल्या गालिच्याखाली हात घाल, ओल आहे का.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यात सालाचा आकडा असतो. सगळ्या काचा एकाच वर्षी जन्मलेल्या हव्यात. एखादीवरचा आकडा वेगळा निघाला, तर मालकानं गाडी ठोकली आणि आपल्यापासून लपवली असं समजू

कृ. मा. प.

---

१९ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. खाली सही करायला विसरलीस, पण 'कृ. मा. प.' पोचलं. सगळं संपलं आहे. मी गाडी घेणार नाही, कुणाचंही तोंड बघणार नाही, आणि चूक माझी नाही. मी तू लिहिलंस तेच केलं.

रविवारी सकाळी गेलो. बॉनेट थंड. रबर ठीक. टायर ठीक. डिकी कोरडी. काका दुकानात कुणाचा तरी कोट खडूनं आखत होते, एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं. मी काचा तपासत गेलो. पुढची, दोन्ही पुढची दारं, मागची मोठी काच, सगळीकडे एकच साल. आणि शेजारच्या सीटच्या बाजूच्या मागच्या दारावर चार वर्षांनी पुढचं साल!

आत्या, मला कानशिलात गरम व्हायला लागलं. तू लिहिलं होतंस ना, लपवली असं समजू. मी समजलो. ज्या माणसाला मी चार महिने 'काका, काका' करत होतो, तो मला ठोकलेली गाडी गळ्यात मारायला निघाला होता. आणि तेही मला!

सरळ दुकानात शिरलो. म्हणालो, "एकाच हातातली ना हो गाडी? मग त्या हातानं कुठे आपटली ते पण सांगा की!"

काकांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढली, उशीत खोचली. गिऱ्हाइकानं हात खाली घेतले.

"काय म्हणतोस?"

"काच बदललेली आहे मागच्या दाराची. आकडा सांगतोय. गरजू पोरगा दिसला की काढा कापून, असंच ना? कापड असो की माणूस!"

(हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.)

ती आतल्या जिन्यावर उभी होती. मी तिला पाहिलंच नव्हतं. ती खाली आली, पांढरी फटक, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ती काच मी बदलली. बाबांना माहीत नाही."

मग काका जे बोलले ते मला अजून नीट कळलेलं नाही. ते म्हणाले, "माहितीये मला."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. मागच्या सीटच्या कव्हरवर वीतभर शिलाई माझी नव्हती."

काका म्हणाले, "तीन वर्षं झाली. म्हटलं, सांगेल आपणहून. घाई काय आहे." मग माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तेवढं एक राहिलं होतं बघ आमच्यात बोलायचं. ते तू बोलून टाकलंस. जा आता."

ती तर माझ्याकडे बघतही नव्हती.

मला सांग, मी काय चुकीचं केलं? काच बदललेली होती की नाही? आणि आता लपवून काय उपयोग, म्हणून लिहितो: माझं तिच्यावर प्रेम आहे. गाडी हवी होती ते खरं, पण गावात दुसऱ्या गाड्या नव्हत्या असं नाही. ती गाडी घेतली असती तर त्या दुकानात मला कारण न काढता जाता आलं असतं. आता कारण काढूनही जाता येणार नाही.

तडतड्या

---

२६ फेब्रुवारी

चि. मूर्खा,

मागचं पत्र घे. आता ते पालथं कर.

'कृ. मा. प.' म्हणजे कृपया मागे पाहावे. आमच्या वेळी पान संपलं आणि मजकूर उरला की कोपऱ्यात हे लिहायची पद्धत होती. शाळेतली पोरंसुद्धा लिहायची. तुला काय वाटलं, माझी पदवी आहे?

मागे काय लिहिलंय ते मी पुन्हा उतरवून देणार नाही, स्वतः वाच. पण दोष सगळा तुझा नाही. अर्धं वाक्य कागदाच्या काठावर लटकत ठेवणारी मी, आणि तू कुठल्या काठावरून उडी मारशील हे तू चार वर्षांचा असल्यापासून मला ठाऊक आहे. तुझ्या त्या सरांनी 'ही आकृती पुन्हा काढ' एवढंच म्हटलं होतं. ती फाडून कॉलेजच्या बाहेर कोण पडलं? 'पुन्हा काढ, बाकी चांगली आहे' असं ते म्हणणार होते. मला नंतर दादानं सांगितलं, दादाला त्यांनीच सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तुला काही सांगायचं म्हणजे आधी दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

टेलरकडे जा. आपलं खरं कसं होतं ते सांगायला नको जाऊस. तू त्याच्याकडून काय घेतलंस ते आधी कळू दे. त्यानं तीन वर्षं एक गोष्ट माहीत असून विचारली नाही. असं न विचारणं सोपं नसतं बाळा. मला पाच मिनिटं जमत नाही.

आत्या
(या पानाच्या मागे काही नाही. तरी बघ.)

---

६ मार्च

ती. आत्या,

बघितलं. दोन्ही पत्रांच्या मागे.

मला वाटलं होतं, कृ. मा. प. म्हणजे कृपा, माया, प्रेम. तुझा आशीर्वाद. खरंच सांगतो, मला छान वाटलं होतं वाचून.

तुझं मागचं पान आता पाठ झालंय. 'नकोस' या एका शब्दानं सुरू होतं. माझं सगळं आयुष्य त्या शब्दाच्या अलीकडे थांबलेलं असतं. 'नकोस. काच दगडानंही फुटते, पोरांच्या चेंडूनंही फुटते. आणि ठोकलेली असली तरी एकट्याला गाठून, हळू आवाजात, काच कुणी बदलली एवढंच विचार. तीस वर्षं शिकवून मला एक कळलंय. गाडी ठोकल्यावर पत्रा सरळ करून मिळतो, चालवणारं माणूस मिळत नाही. ज्यानं काच बदलली ते माणूस त्यानंतर गाडी चालवतंय का बघ. चालवत नसेल तर ती गाडी विकायला काढलेली नसते, नजरेआड करायला काढलेली असते. अशा घरात भाव करू नये. चहा प्यावा आणि यावं.'

मंगळवारी दुकानात गेलो. काका मशीनवर होते. मी म्हणालो, "काका, मी पान उलटलं नव्हतं." त्यांना काहीच कळलं नाही, कळणार कसं? मग तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणालो, "हे पुढून वाचा, मग मागून. मी पुढूनच वाचून आलो होतो." ते मान वर न करता म्हणाले, "ठेव तिथे." मी कात्रीखाली ठेवलं, पंख्यानं उडू नये म्हणून. बस. एवढंच जमलं. 'माफ करा' म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, आणि रविवारी काय फुटला होता!

मग समोर गेलो. चष्म्याच्या दुकानात. ती पांढऱ्या कोटात. मी म्हणालो, "मला बोलायचंय." ती म्हणाली, "इथे डोळे तपासतात. बसा." बसा म्हणाली, आत्या. अहोजाहो. बसलो. एक डोळा झाकला. समोर अक्षरांचा तक्ता.

"सगळ्यात खालची ओळ वाचा."

वाचली. दुसरा डोळा झाकून परत वाचली.

"नजर उत्तम आहे," ती म्हणाली. "खालची ओळ दिसते. मागचं पानच तेवढं दिसत नाही." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

म्हणजे तिनं पत्र वाचलंय. काकांनीच दिलं असणार. ती रागावलीय, पण वाचलंय. हे चांगलं की वाईट? मघाशी बरं दिसत होतं की आता?

तडतड्या

---

१० मार्च

ती. आत्याबाई,

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता तुमच्या पत्रावर वर लिहिलेला आहे, तिथून घेतला. तुमच्या भाच्याला मी लिहिते आहे हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो आनंदानं कुणालातरी मारेल.

तुम्ही त्या पानाच्या मागे विचारलंय, काच बदलणारं माणूस त्यानंतर गाडी चालवतं का. नाही चालवत. तीन वर्षं.

मी बाबांना न सांगता शिकले होते. आईला माहीत होतं. बाबा चार दिवस बाहेरगावी होते तेव्हा आई म्हणाली, काढ गाडी, मला एकदा तू चालवलेल्या गाडीत मागे ऐटीत बसायचंय. नेलं तिला फिरवून. परत येऊन गल्लीत मागे घेताना खांब दिसला नाही. दार आत गेलं, काच फुटली. आईला खरचटलंही नाही. ती मागच्या सीटवर बसून केसांतून काचा वेचत होती आणि हसत होती. म्हणाली, "यांना सांगू नकोस हं. गाडीचं काही नाही, कव्हर फाटलंय म्हणून रडतील." गॅरेजवाल्यानं दार नीट केलं, काच बसवली. कव्हर आईनं रात्रभर बसून शिवलं. सहा महिन्यांनी तिचं दुखणं निघालं, आणि वर्षभरात ती गेली.

बाबा म्हणाले, शिलाई माझी नव्हती. ती कुणाची होती हे ते पहिल्या दिवसापासून ओळखत होते. चाळीस वर्षं एका खोलीत दोन मशीनं चालली होती. मला वाटत होतं, ती गोष्ट आईची आणि माझी आहे, म्हणून सांगितली नाही. त्यांना वाटत होतं, ती आमची आहे, म्हणून विचारली नाही.

त्या रविवारनंतर आम्ही दोघं तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, "हसत होती का ती?" मी म्हटलं, "खूप." मग सगळं सांगितलं. दोनदा सांगायला लावलं त्यांनी. तुमच्या भाच्यानं वाईट केलं हे मी विसरणार नाही. पण त्यानं केलं नसतं तर गाडी गेली असती आणि बाबांनी हे कधीच विचारलं नसतं, हेही खरं आहे. दोन्ही खरं असलं की माणसावर नीट रागावता येत नाही, त्याचाच मला राग येतो.

गाडी विकावी असं बाबांना मनातून वाटत नाही. मला काय वाटतं ते मला कळत नाही. किल्ली हातात घेतली की मागच्या सीटवरून काच फुटल्याचा आवाज येतो.

तुम्ही शिकवणाऱ्या आहात म्हणून विचारते. पुन्हा सुरू करायचं तर शेजारी कुणी बसावं? बाबा बसले तर त्यांचा हात सतत हँडब्रेकवर राहील. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाखालीही ब्रेक असतो, त्यामुळे गाडी मी चालवतेय असं मला वाटतच नाही.

उत्तर दिलंत तर बरं होईल.

आपली,
टेलरची मुलगी

---

१७ मार्च

चि. तडतड्या,

मला एक पत्र आलं. कुणाचं आणि काय, ते सांगणार नाही, विचारूही नकोस. मी त्याला उत्तर दिलं आहे. उत्तरात एक नाव सुचवलं आणि शंभरदा पस्तावले.

आता नीट वाच. दोन्ही बाजू.

ती गाडी तुला मिळेल असं मला वाटत नाही. शनिवारी सकाळी सात वाजता टेलरच्या दारात उभा राहा. ती किल्ली घेऊन येईल. आलीच तर. तू शेजारच्या सीटवर बसायचं. ती चालवायला लागली तर गाडी त्या घरातून जाणार नाही, आणि एप्रिलचं काम व्हॅनवाला नेईल. म्हणजे तू स्वतःच्या हातानं स्वतःचा सौदा मोडायला बसणार आहेस. हे आधी समजून घे. मग 'मला कुणी सांगितलं नव्हतं' म्हणून तडतडू नकोस. नको असेल तर जाऊ नकोस, मी कुणाला काही बोलणार नाही.

गेलास तर हे पाळ. हात मांडीवर. हँडब्रेककडे बघायचंसुद्धा नाही. 'हळू', 'बघ', 'अरे' हे तीन शब्द घरी ठेवून जा. श्वास रोखून धरू नकोस, शिकणाऱ्याला तो ऐकू येतो. गाडी बंद पडली तर पडू दे. गाडी बंद पडणं हा गुन्हा नाही, मी लाखभर वेळा पाहिलंय. ती विचारेल तेवढ्याचंच उत्तर दे. आणि मागून कुणी हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, काहीही केलं, तरी तू गाडीतून उतरायचं नाहीस.

हे शेवटचं तुला जमेल असं मी त्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. माझ्या तीस वर्षांच्या अब्रूवर लिहिलं आहे.

आत्या

---

५ एप्रिल

ती. आत्या,

एक तारीख गेली. व्हॅनच्या मालकानं कुठूनतरी सेडान आणली आणि काम त्याचं झालं. मी अजून त्याचीच व्हॅन चालवतो. बाबांचा पेपर आहे तिथेच आहे. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

पहिल्या शनिवारी ती किल्ली घेऊन आली, बसली, आरसा नीट करत राहिली. वीस मिनिटं आरसा. काका दुकानाच्या दारात सुईत दोरा ओवत उभे. इतका वेळ एक सुई ओवणारा टेलर मी पहिल्यांदा पाहिला. तिनं इंजिन सुरू केलं, बंद केलं, उतरली. "झालं आजचं," म्हणाली. मी एक शब्द बोललो नाही. घरी जाऊन उशीत तोंड घालून सगळे एकदम बोललो.

रविवारी पुन्हा तेच, फक्त आरसा दहा मिनिटं. मग रोज सकाळी, माझ्या पहिल्या फेरीआधी. बुधवारी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे तिनं गाडी थांबवली आणि मान न वळवता विचारलं, "मागे कोण बसलंय असं वाटतं का तुला?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मला वाटतं." मला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या. तू म्हणालीस, विचारेल तेवढ्याचंच. तिनं पुढे काही विचारलं नाही, म्हणून मी गप्प. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हसतेय ती," आणि गिअर टाकला.

आज मोठ्या रस्त्यावर गेलो. चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न. एक नाही, सात-आठ. आणि बरोब्बर मागे एक टेम्पोवाला, खिडकीतून धड बाहेर काढून, "येत नसेल तर घरी बसा की! रस्ता काय बापाचा आहे?"

आत्या, तुझी अब्रू माझ्या लक्षात होती. तरी माझा हात दारावर गेला. दार उघडलं. एक पाय रस्त्यावर. त्याचे दात मोजून यायचे एवढंच डोक्यात.

"पाय आत."

हळू आवाजात. तुला लिहिलं होतं ना, राग आला की ती हळू बोलते.

"अगं, पण तो तुझ्या बापाचं—"

"तो मला बोलतोय. पाय आत घे, दार लाव. गाडी कोण चालवतंय?"

मी पाय आत घेतला. दार लावलं. आत्या, इतकं जड दार मी जन्मात ओढलेलं नाही. सिग्नल लाल झाला. टेम्पोवाला बोलतच होता. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, सगळा लाल सिग्नल इंजिन चालू ठेवून बसली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी तो पुसलाही नाही, कारण तिनं सांगितलं नव्हतं. हिरवा झाला. तिनं क्लच सोडला, इतका सावकाश की गाडी निघाली कधी ते मला घरं मागे जायला लागली तेव्हा कळलं.

परत आलो तर काका दारात. सुई-दोरा नाही, नुसतेच उभे. तिनं गाडी लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मुठीत घेतली, थोडा वेळ बघितली आणि परत तिच्याच हातात दिली. मग मला म्हणाले, "गाडी विकत नाही रे मी. तुला शब्द दिला होता, माफ कर."

माफ कर. ते मला म्हणाले. मी जे महिनाभर म्हणू शकलो नव्हतो ते तेव्हा आपोआप तोंडातून निघालं. नीट ऐकू आलं की नाही माहीत नाही. त्यांनी माझ्या पँटीकडे बघितलं आणि म्हणाले, "या पँटीला खाली दुमड सोडलेली आहे. उसवून देतो, पायांत वारा जातोय तुझ्या."

मग तिला विचारलं, "उद्या?"

"सात वाजता."

"शेजारी कोण? मी बसू का आता?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पाहुण्याकडे बघतात तसं नाही, डोळे तपासतात तसं.

"नको," ती म्हणाली. "हाच बरा आहे. गप्प बसतो."

तुझा,
तडतड्या